फुप्फुसात उजेड

१९ एप्रिल, शनिवार. धामणगाव बढे

घरी पोचले. मलकापूर स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. बॅग उचलता उचलता म्हणाले, "वजन लय कमी झालं वं बाई." माझं की बॅगेचं, ते मी विचारलं नाही.

पुण्याची आमची प्रयोगशाळा दीड महिना बंद आहे. सगळ्या मजल्याचं वातानुकूलन बदलतायत. माझ्या मार्गदर्शक पुष्पांजली मॅडम म्हणाल्या, घरी जा, प्रबंधाची राहिलेली प्रकरणं लिही, आणि मे संपायच्या आत मला एक उत्तर दे.

उत्तर कशाचं, ते इथे एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे रोज डोक्यात फिरणार नाही.

इतकी वर्षं मी एक पॉलिमर बनवते आहे. त्याची साखळी धनभारित, जनुकाचा धागा ऋणभारित. दोन्ही पाण्यात एकत्र आले की पॉलिमर त्या धाग्याला कवटाळतं आणि दोघांचा मिळून एक बारीक गोळा होतो, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. या गोळ्यानं चांगलं जनुक घेऊन आजारी स्नायूच्या पेशीत शिरावं, एवढंच त्याच्याकडून मागणं. फेब्रुवारीत तो उंदरांच्या शिरेत सोडला. जिथे जनुक कामाला लागेल तिथे उजेड दिसेल अशी सोय केलेली होती. कॅमेऱ्याखाली उंदीर ठेवला तर फुप्फुसं लख्ख उजळली. मांड्यांमध्ये काळोख. पुन्हा केलं, मिश्रण बदलून केलं. फुप्फुसात उजेड, मांड्यांमध्ये काळोख.

मॅडम खूश आहेत. फुप्फुसापर्यंत इतकं नेमकं पोचणारं सहसा हाती लागत नाही म्हणतात. स्नायू सोड, फुप्फुसाच्या आनुवंशिक आजारांवर पुढचं काम कर.

स्नायू सोडायचा म्हणजे गोकुळला सोडायचं. गोकुळ माझा धाकटा भाऊ. दहावीत असताना पायरी चढताना त्याला कठड्याचा आधार लागायला लागला, आणि आता तो चाकाच्या खुर्चीत आहे. स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. मी या विषयात आले ती त्याच्यामुळे. हे घरात, गावात सगळ्यांना माहीत आहे. आमची काजल गोकुळचं औषध करते.

त्याला सांगायचं आहे. आज नाही सांगितलं. प्रवासानं दमले होते.

२० एप्रिल

सकाळभर गोकुळच्या नर्सरीत होते. रस्त्याकडच्या शेतात त्यानं शेडनेट टाकून मिरचीची रोपं करायला घेतली त्याला चार वर्षं होतील. आता मोताळा तालुक्यातले निम्मे मिरचीवाले त्याच्याकडे येतात असं बाबा सांगतात. निम्मे नसतील, पण पुष्कळ येतात. मधोमध सिमेंटची वाट आहे, तिच्यावरून त्याची खुर्ची फिरते. हात खांद्याच्या वर जात नाहीत आता. ट्रे मांडीवर आणून ठेवला की पानं उलटून पाहतो, फोनवर ऑर्डरी घेतो, माणसांवर ओरडतो.

हाताखाली पूनम आहे. रोहिणखेडचे भगवंतराव मामा, म्हणजे आईचे मावसभाऊ, त्यांची मुलगी. कृषी पदविका झाली आहे तिची. रोज स्कूटीनं येते. मुलगी कामाची आहे, पण जरा जास्तच ताबा घेते असं मला वाटलं. गोकुळच्या मांडीवरचा ट्रे त्याला न विचारता उचलते. पाण्याचा पेला सरळ त्याच्या तोंडाशी धरते. आणि हा, ज्याला मी पेला धरलेला अजिबात खपत नाही, मुकाट्यानं पितो. ऊन फार होतं. तहान लागली असेल.

२३ एप्रिल

आज गोकुळनं स्वतःहून विषय काढला, आणि मी आत कुठेतरी हलले.

"ताई, हे आपलं खराब जनुक आईकडून आलं का बाबाकडून?"

"दोघांकडून. दोघांजवळ एक-एक खराब, एक-एक चांगलं. एक चांगलं असलं की माणसाले काही होत नाही. तुले नेमके दोन्ही खराब भेटले."

"अन् तुले एक."

"मले एक."

"मंग आईले कोनाकडून आलं?"

"आजीकडून नाहीतर आजोबांकडून. आता कसं सांगनार?"

"आजीकडून आलं असन त तिच्या बहिनीकडं बी गेलं असन. तिच्या लेकरायकडं."

"जाऊ शकते. जाईनच असं नाही."

तो बराच वेळ शेडनेटच्या पलीकडे बघत राहिला. तिकडे पूनम पाण्याच्या नळ्या सरकवत होती, दुसरं काही नव्हतं. मला भरून आलं. इतक्या वर्षांनी हा आपल्या आजाराचं मूळ शोधतोय. औषध येणार म्हणूनच ना माणूस असं समजून घ्यायला लागतो?

म्हणून मग मी त्याला माझ्या कणांचं सगळं समजावलं, उशिरानं आलेल्या उत्साहानं. पेशी त्या कणाला गिळते, पण पिशवीत बंद करून गिळते. पिशवी फोडून बाहेर पडला नाही तर आतल्या आत पचून जातो. बाहेर पडला तर अजून केंद्रकापर्यंत जायचं असतं. गोकुळ हं हं करत होता. उजेड कुठे पडला ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रोपं न्यायला गाडी आली.

२७ एप्रिल

ऊन असं की दुपारी गावात कुत्रं दिसत नाही. घाटावर बुलडाण्याला थोडं तरी बरं, आम्ही घाटाखालचे लोक भाजून निघतो. प्रबंधाची चार पानं लिहिली. चारही वाईट.

गोकुळच्या आजाराच्या लोकांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. त्यातल्या एका मित्राला लग्न करायचंय म्हणे, मुलगी नात्यातली आहे. तिच्यात ते जनुक आहे की नाही हे कुठे बघता येईल, असं गोकुळ विचारत होता. मी सांगितलं, रक्त द्यायचं, बुलडाण्याला घेणारे आहेत, ते मोठ्या शहरात पाठवतात. सोबत त्या मित्राचा जुना रिपोर्ट जोडायचा, म्हणजे नेमकं कुठे बघायचं ते त्यांना कळतं.

"अन् तिच्यात निघालं तर?"

"तर त्यांच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता."

"नाही निघालं तर?"

"मग मुलांना काही होणार नाही. एक-एक खराब प्रत राहील, माझ्यासारखी."

"तुह्यासारखी असली त काय वाईट हाय," म्हणाला आणि हसला. त्या मित्राची त्याला फार काळजी दिसते. गोकुळ असा मनानं मोठा आहे, आणि मी त्याच्यापासून लपवत बसले आहे.

२ मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. पुरणपोळी, आमरस, आणि त्यानंतरची दोन दिवसांची सुस्ती.

आज बुलडाण्याला गेले, चष्म्याचा नंबर काढायला. पूनमला पण काही काम होतं, तिच्याच स्कूटीवर गेलो. राजूर घाट चढताना वारा जरा गार लागला तशी ती एकदम बोलायला लागली. गोकुळला लहानपणी काय आवडायचं, रागावला की काय करायचा, त्याला सर्दी झाली की छाती लवकर भरते का. मी सगळं सांगितलं. नर्सरीत रोज बरोबर काम करायचं तर माणसाला माहिती हवीच.

ती तासाभरानं चष्म्याच्या दुकानात परत आली तेव्हा कोपराच्या खोलगटीत कापूस आणि पट्टी.

"काय गं, रक्त तपासलं?"

"हाव ताई. असंच."

चेहरा उतरलेला होता. या वयाच्या मुलींचं रक्त कमी असतंच. मी तिला गूळ-शेंगदाणे खायला सांगितले, पालेभाजी सांगितली, लोखंडी कढईत भाजी करायची सांगितली. ती सगळ्याला "हाव ताई" म्हणत होती. उतरताना घाटात एक शब्द बोलली नाही.

४ मे

आईनं कुरडया घातल्या. गच्चीवर बसून राखण करता करता म्हणाली, "भगवंतभाऊच्या पूनमले साखरखेर्ड्याचं स्थळ आलं होतं. पोरगा बँकेत हाय. हिनं नाही म्हटलं. काऊन म्हटलं ते बी सांगत नाही पोरगी. भगवंतभाऊ लय नाराज हाय."

मी म्हटलं, शिकलेल्या मुली आता विचार करून निवडतात.

आईनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तू त लय शिकली वं माय." माझ्या लग्नाचं पुन्हा सुरू होईल म्हणून मी खाली आले.

९ मे

सांगितलं.

संध्याकाळी मजूर गेल्यावर नर्सरीत आम्ही दोघंच होतो. पूनम दुपारीच गेली होती. मी त्याच्यासमोर उलट्या क्रेटवर बसले आणि पाठ केल्यासारखं बोलले. कण स्नायूत जात नाहीत. फुप्फुसात जातात. मॅडम म्हणतात स्नायू सोड. मला मेअखेर उत्तर द्यायचंय.

गोकुळ मोबाइल बघत होता. मान वर केली, म्हणाला, "असं का," आणि पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. पडदा काळाच होता, तरी तो बघत होता. मग म्हणाला, "मंग फुप्फुसाचं कर ना."

एवढंच. मी थांबले. आणखी काहीतरी येईल असं वाटलं. मोबाइल वाजला तसा तो दचकला, नंबर पाहिला, रोपांची चौकशी करणारा कोणी होता. आवाज कोरडा झाला त्याचा.

माणसाला इतका धक्का बसला की तो असाच सपाट बोलतो. मी त्याच्यातली आशा काढून घेतली आणि तो माझ्यासाठी शांत राहिला. जेवले नाही मी.

१२ मे

गोकुळ नीट झोपत नाही असं आई म्हणाली. सारखा मोबाइल बघतो. माझ्यामुळे. मॅडमना लिहिलं की मला स्नायूवरच राहायचंय, आणि पाठवलं नाही.

१७ मे, शनिवार

मी किती आंधळी असू शकते याची आज नोंद करून ठेवते.

सकाळी पूनम नर्सरीत न जाता सरळ घरी आली. आई दळण आणायला गेली होती. पूनमनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, हे वाचून सांगा. मले समजलं, पन तुमच्या तोंडून ऐकाचं हाय."

इंग्रजी रिपोर्ट होता. जनुकाचं नाव मी झोपेतही ओळखते. ज्या जागी गोकुळच्या दोन्ही प्रतींत चूक आहे, तिथे हिच्या दोन्ही प्रती नीट. सगळं जनुक वाचलेलं होतं, कुठेही दोष सापडला नव्हता. आणि वर तपासलेल्या माणसाचं नाव.

मी नाव दोनदा वाचलं. मग तिच्या कोपराकडे पाहिलं. मग गूळ-शेंगदाणे आठवले.

"तुझ्यात ते जनुक नाही," मी म्हटलं. "तुझ्या मुलांना हा आजार होणार नाही."

तिनं पदराच्या टोकासारखं ओढणीचं टोक दोन्ही हातांत धरलं, पिळलं आणि रडली. आवाज न करता. मी तिला जवळ घेतलं. किती दिवसांपासून, विचारलं. "दोन सालापासून," म्हणाली. "त्यायनंच म्हटलं होतं, पहिले तपास, मंग बोलू."

त्यायनं म्हणजे गोकुळनं. ग्रुपवरच्या त्या मित्रानं.

इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. दोघी स्कूटीवर बसून नर्सरीत गेलो.

पुढचं उद्या लिहीन. आज हात चालत नाही.

१८ मे

तर काल काय झालं.

गोकुळनं रिपोर्ट वाचला. "बरं झालं," म्हणाला. चेहरा मात्र पांढरा पडला. पूनम समोर उभी होती, डोळे अजून लाल, पण हसत होती.

"मंग आता माह्या आबाशी बोला," ती म्हणाली.

"नाही," गोकुळ म्हणाला. "आता बी नाही."

"काऊन?"

"तुले माहीत हाय काऊन. आज हात खांद्यावर जात नाही, उद्या कोपरावर जानार नाही. पुढं श्वास घ्याले मशीन लागन. तू काय जिंदगीभर ते पुसत बसशीन का? साखरखेर्ड्याच्या पोराले हो म्हन."

मी मध्ये बोलायला गेले, पूनमनं हातानं थांबवलं.

"रिपोर्ट मी लेकरांसाठी काढला होता," ती म्हणाली. "तुमचं काय ते मले पहिलेच माहीत होतं. रोज पाहून राह्यले."

तिनं हातातला ट्रे जागेवर ठेवला, फवारणीचा पंप खुंटीला अडकवला, पाण्याचा नळ बंद झाला की नाही ते पाहिलं, आणि गेली.

आज आली नाही.

२२ मे

पूनम येत नाही. रोपं उचलायचे दिवस आहेत, गाड्या लागलेल्या आहेत. मी जाते मदतीला. कोणती जात कोणत्या ओळीत ते मला कळत नाही, पण बाबा आहेत, मजूर आहेत, काम उरकतं. गोकुळ सगळ्यांशी फार सौम्यपणे बोलतो. कोणावर ओरडत नाही. मजूरबाया एकमेकींकडे बघतात.

आईला सगळं ठाऊक होतं असं आज कळलं. कधीपासून? "एका पेल्यातून पानी पेतात तवापासून," म्हणाली. मीही तो पेला पाहिला होता.

२५ मे, रविवार

गोकुळशी भांडले. लहानपणानंतर पहिल्यांदा.

शेडनेटखाली तो एकटाच बसला होता. मी म्हटलं, तू रिपोर्ट वाईट यायची वाट पाहत होतास.

मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "हाव."

मग थोड्या वेळानं, "वाईट आला असता त सोपं होतं, ताई. रिपोर्टनंच नाही म्हटलं असतं. मले म्हनाव लागलं नसतं."

"तिनं रक्त दिलं, इतके दिवस वाट पाहिली, आणि तू..."

"अन् तू?" त्याचा आवाज चढला. "तू मले फुप्फुसाचं सांगितलं अन् माह्या तोंडाकडं पाहत बसली. मी रडलो असतो, नोको सोडू म्हटलं असतं, त तू सोडलं नसतं. हो कर म्हटलं त ते बी तुले पटलं नाही. तुले काय पाह्यजे होतं?"

मी ओळीतलं एक वाकलेलं रोप सरळ करायला घेतलं.

"मले होळीलेच समजलं होतं," तो म्हणाला, जरा खालच्या आवाजात. "पहिले तू आली का औषधाचं बोलत राहे, थांबतच नव्हती. होळीले आली त एक शब्द नाही. मले वाटलं, सांगन कवा तरी. त्या दिवशी सांगितलं तवा माहं ध्यान रिपोर्टात होतं. मले माफ कर."

म्हणजे मी जो धक्का समजून उपाशी झोपले, तो धक्का नव्हताच. मला हसू आलं आणि राग आला आणि शेवटी नुसतं बसून राहिले. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. मग तो म्हणाला, "ताई, रोहिणखेडले जाता येईन का?"

गोकुळ दोन वर्षांत दवाखान्याशिवाय कुठे गेलेला नाही. लोकांदेखत उचलून गाडीत घातलेलं त्याला सहन होत नाही.

२७ मे

रोहिणखेडला जाऊन आलो.

रोपं पोचवायची पिकअप होती. बाबांनी आणि एका मजुरानं गोकुळला खुर्चीसकट वर चढवलं, खुर्ची दोरीनं बांधली. मी मागे त्याच्याजवळ बसले. बाबा गाडी चालवत होते. रस्ताभर गोकुळ डोळे मिटून होता. भीती वाटते का विचारलं तर म्हणाला, धूळ जाते.

भगवंतराव मामांचं घर जोत्यावर आहे, पायऱ्या उंच. अंगणात कांद्याच्या गोण्या रचलेल्या. गाडी थांबली तशी शेजारची चार माणसं जमली. त्यांच्यासमोरच बाबांनी खुर्ची उतरवली. गोकुळनं डोळे मिटले नाहीत या वेळी.

मामा दारात आले. "या, वर या," म्हणाले आणि मग त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे गेलं.

"वर नाही येत मामा. इथूनच बोलतो."

मामा खाली उतरले आणि एका गोणीवर बसले, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"पूनमले मागाले आलो," गोकुळ म्हणाला.

"हे बोलनं बापानं कराचं असते," मामा म्हणाले, बाबांकडे बघत.

"मी आज ड्रायव्हर हाय," बाबा म्हणाले. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी हसलं.

मामा हसले नाहीत. "गोकुळ, तुह्यात मले खोट दिसत नाही. तुहा धंदा पाह्यला मी. पन मले हे व्हावं असं वाटत नाही. माही पोरगी हाय. तिच्या मायनं धड जेवन केलं नाही इतक्या दिवसांत."

"मले बी वाटत नव्हतं व्हावं म्हनून. मी नाही म्हटलं तिले." गोकुळ थांबला. त्याला मोठ्यानं सलग बोलायला दम लागतो. "ती गेल्यावर नर्सरी अडली नाही, मामा. रोपं बी वाळली नाहीत. मीच अडलो."

मग मामा माझ्याकडे वळले. "काजल, तू एवढी शिकली. खरं सांग. तुह्यं औषध येईन का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीसुद्धा. किती वर्षं या प्रश्नाला मी "काम चालू आहे" म्हणत आले.

"औषध येईल मामा," मी म्हटलं. "माझं नाही, कोणाचं तरी येईल. पण गोकुळच्या कामी येईल तेवढ्या लवकर येईल असं मी नाही म्हणू शकत. माझं तर दुसरीकडंच पोचलं."

बाबा पिकअपच्या टायरकडे बघायला लागले. मामांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते कारण माझ्या तोंडून त्यांना मिळालं होतं आणि ते उचलायला त्यांना जड जात होतं, असं मला वाटलं.

"ताईच्या औषधाची वाट पाहून मी हो नव्हतं म्हटलं, आबा."

पूनम दारात उभी होती. पायऱ्या उतरून खाली आली, गोकुळच्या खुर्चीसमोर थांबली.

"नाही काऊन म्हटलं होतं, ते सांगा पहिले."

गोकुळनं शेजाऱ्यांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं.

"भेव वाटलं," म्हणाला.

"मंग तसं सांगाचं ना. मशीनचं काऊन सांगितलं?"

ते दोघं एकमेकांकडे असे बघत होते की शेजारी आपापल्या घराकडे वळले. मामा गोणीवर बसून राहिले, गुडघ्यांवर हात टेकून, म्हातारे दिसले. शेवटी आत तोंड करून म्हणाले, "अवं, चहा ठेव. खालीच आन."

चहा मामी घेऊन आल्या. डोळे सुजलेले, कोणाशी बोलल्या नाहीत. गोकुळच्या हातात कप दिला. कप थरथरला. मामी तिथेच थांबल्या, आणि त्यानं चहा संपवेपर्यंत बशी कपाच्या खाली धरून उभ्या राहिल्या.

२८ मे

बाबा कालपासून बोलत नाहीत. रागावलेले नाहीत, नुसते गप्प आहेत. आज संध्याकाळी ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसले.

"तू काल म्हटलं ते पक्कं हाय का, बाई?"

"पक्कं आहे बाबा. माझं स्नायूत जात नाही, फुप्फुसात जातं. मॅडम म्हणतात, फुप्फुसाच्या आजारावर काम कर."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, फार वेळ पुसलं. आईला, गोकुळला, पूनमला, सगळ्यांना आधीच कळून चुकलं होतं. एक बाबाच वाट बघत होते. त्यांचा मी कधी विचारच केला नव्हता. सगळा वेळ गोकुळला कसं सांगू, गोकुळला कसं सांगू.

मग त्यांनी विचारलं, "फुप्फुसाच्या त्या आजाराचे लोक कोन असते?"

"लहान लेकरं असतात जास्त. छातीत घट्ट कफ साठतो, श्वास पुरत नाही."

"त्यायचे बाप बी असतीनच," बाबा म्हणाले.

आईनं आतून हाक मारली तेव्हा उठलो.

३० मे

मॅडमना फोन केला. फुप्फुसावर काम करते म्हटलं. त्या म्हणाल्या, विचार करून ठरवलंस ना? मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कोणीतरी गेल्यावर वाटतं तसं वाटलं. दुपारी गोकुळला सांगितलं. त्यानं माझा हात धरला आणि धरून ठेवला. त्याच्या पकडीत फार जोर नाही राहिला आता, सोडवून घ्यायचा तर सहज घेता आला असता. मी घेतला नाही.

पूनम आली होती कामावर. एका मजुराला ओरडली, मग गोकुळ दुसऱ्याला ओरडला. बायांना बरं वाटलेलं दिसलं.

१४ जून. पुणे

प्रयोगशाळा सुरू झाली. नवीन वातानुकूलनाचा वास सगळीकडे. आजारी फुप्फुसाच्या पेशी आणल्यात, बशीत वाढवलेल्या. सोमवारी त्यांच्यावर कण सोडले होते. ज्या पेशींत जनुक लागू पडलं त्या हिरव्या दिसाव्यात. सगळ्या नाही दिसल्या, निम्म्याहून कमी. बऱ्याच मेल्याही, कारण माझं पॉलिमर अजून पेशींना झोंबतं, ते सौम्य करावं लागणार. पण ज्या हिरव्या होत्या त्या फार सुंदर होत्या. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवल्या. आधी मी कोणाला बोलवत नसे.

हे गोकुळला सांगावं म्हणून संध्याकाळी फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. मग आईला लावला.

आईमागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"आई, गोकुळ फोन काऊन उचलत नाही? बरा आहे ना?"

"बरा हाय ना. तो घरी नाही."

"घरी नाही म्हणजे?"

"पूनमसंग मोताळ्याले गेला, बियानं पाहाले. पिकअपमंधी. दोघंच गेले ड्रायव्हर घेऊन. तिथून म्हने तिच्या मैत्रिनीकडं जानार होते."

"परत कधी येणार?"

"मले काय माहीत," आई म्हणाली. आवाज वैतागलेला होता, आणि खाली कुठेतरी हसत होता. "सांगून गेला नाही."

तो खुर्चीत बसला त्या वर्षापासून मी या घरी फोन करते आहे. गोकुळ घरी नाही, हे वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकलं.